मोबाईलवरचा ठिपका आणि सावडीचे काम



कापून आडव्या पडलेल्या भातावर परतीचा पाऊस झाला, की लोंबीतच दाण्याला मोड येतात. अशा दिवसांत कापणीची माणसे, मळणीयंत्र आणि टेम्पो वेळेवर एकत्र येणे यावरच वर्षाचे पीक हाती लागते.

सावडीची रीत आपल्याला नवी नाही. पूर्वी बांधावरून हाक दिली की भागत असे. आता यंत्र बाहेरगावचे आणि चालक अनोळखी. शेताला गट नंबर असतो, पण त्यावरून टेम्पो बांधाशी येत नाही. ‘खारबाव स्टेशनावरून पुढे, मग आंब्यापाशी वळा’ असे सांगता सांगता दहा फोन होतात. इथे मोबाईलवरून ठिकाण पाठवण्याची सोय कामी येते.

व्हॉट्सॲपवर तिचे दोन प्रकार आहेत. शेत जागचे हलत नाही, म्हणून शेतात उभे राहून तिथले ठिकाण एकदाच पाठवावे. टेम्पो चालता असतो. त्याच्या चालकाने ‘लाइव्ह लोकेशन’ पाठवावे. त्याची मुदत १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास ठेवता येते आणि मध्येच बंदही करता येते.

टेम्पो कुठवर आला हे दिसले, की माणसे रस्त्यावर ताटकळत नाहीत. तेवढ्या वेळात भारे बांधून होतात. मात्र टेम्पो कुठे थांबला एवढेच ठिपका सांगतो, का थांबला ते सांगत नाही. टायर पंक्चर असेल, भिवंडीच्या वाहतुकीत अडकला असेल. रेंज गेली तर ठिपका जुन्याच जागी दिसतो. म्हणून रागावण्याआधी एक फोन करावा.

दुसरी गोष्ट अधिक जपण्याची. ‘इतका वेळ बांधावर काय करत होतास?’ असा जाब ठिपका पाहून विचारू लागलात, तर माणसे मोबाईलच बंद ठेवतील. सावड विश्वासावर चालते. काम संपले की ठिकाण दाखवणेही संपावे. घरातल्या लेकीसुनांवरही त्याची सक्ती नको.

शेतात कोणाला साप चावला, तर आधी १०८ ला फोन करून गाव, पाडा आणि ठळक खूण तोंडी सांगा. एक माणूस रस्त्यावर उभा करा.

कापणीपूर्वी एखाद्या संध्याकाळी घरातल्या शिकत्या मुलामुलींना जवळ बसवा आणि ठिकाण पाठवणे व बंद करणे, दोन्ही हाताखालून घाला.