पोटाखालचा उजेड

उडत्या गरुडाचा फोटो काढायचा असेल तर आधी जमीन बघावी. हे कळायला मला दोन हिवाळे लागले. त्या दोन हिवाळ्यांतले फोटो अजून हार्ड डिस्कमध्ये पडून आहेत. निळंशार आभाळ आणि त्यात गरुडाच्या आकाराचं काळं भोक. मी लेन्सला दोष दिला, कॅमेऱ्याच्या सेटिंगशी झटापट केली. मग एका सकाळी लोह्याच्या पुढं नांगरलेल्या रानावर फिरणारा पक्षी बांध ओलांडून वाळल्या गवताच्या माळावर आला आणि त्याच्या पंखाखालच्या पट्ट्या एकेक करून मोजता येऊ लागल्या. लेन्स तीच होती, ऊनही तेच.

आपली माती काळी, आणि काळी माती उजेड पिऊन टाकते. उडणाऱ्या पक्ष्याची पाठ उन्हात असते, पोट आपल्याकडे. पोटावर जो काही उजेड पडतो तो बहुतेक जमिनीवरून उसळून आलेला. कुसळीचं वाळलं गवत, ज्वारी काढल्यावरची धसकटं, मुरमाड बरड, असं काही फिकट खाली असेल तर पंखाच्या आतला पांढरा रंग उजळतो. खाली नांगरट असेल तर संपलं. छायाचित्रणाची पुस्तकं लिहिणारे बर्फात आणि समुद्रकिनाऱ्यावर फिरलेले असतात, त्यामुळं त्यांत काळ्या मातीवर प्रकरण नसतं.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणारा रस्ता हा आमचा स्टुडिओ. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, तिथं कसले वन्यजीव, असं मला आजवर कितीतरी जणांनी ऐकवलंय. सात-बाऱ्यावर जे पोटखराब, पडीक किंवा गायरान म्हणून नोंदलंय, तिथंच हे पक्षी राहतात. बालाघाटाच्या उतरंडीवरच्या माळांवर सापमार गरुड, तिसा, खरूची, तारेवर बसलेली कापशी. ऑक्टोबरपासून मध्य आशियातून आलेले भोवत्या असतात, ते दिवसभर नाकतोडे वेचतात आणि रात्री गवतात जमिनीवरच झोपतात. विष्णुपुरीच्या पाण्यावर हिवाळ्यात मासे मारणारा कैकर दिसतो. किनवट-माहूरच्या सागवानात तुरेवाला सर्पगरुड आहे, पण तो दिसतो बसलेला. उडाला की पानांआड. एरवी नांदेडकरांच्या ओळखीचा शिकारी पक्षी एकच, गुरुद्वाऱ्याजवळच्या दुकानांतल्या तसबिरींत गुरु गोविंदसिंगांच्या हातावर बसलेला बाज.

५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. आमचा हंगाम साधारण तिथून उघडतो आणि त्याला कारण वारा. दिवाळीनंतर वारा ईशान्येकडून, पूर्वेकडून येऊ लागतो. शिकारी पक्षी उठताना, बसताना, हवेत थांबताना तोंड वाऱ्याकडे करतो. सकाळी सूर्यही पूर्वेलाच. म्हणजे पूर्वेला पाठ करून उभं राहिलं की ऊन आणि वारा दोन्ही आपल्या पाठीवर, आणि पक्ष्याचं तोंड आपल्याकडे. उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा होतो, मग हाच हिशेब संध्याकाळी मांडायचा.

उभं राहायचं म्हणालो खरा, पण गाडीतून उतरायचं नाही. बैल, ट्रॅक्टर, जीप यांचं पक्ष्याला काही वाटत नाही; दोन पायांवरचा माणूस दिसला की तो गेलाच. काचेवर लेन्स टेकवायला पिशवी लागते. विकतची पिशवी रिकामी येते, मी तिच्यात ज्वारी भरलीय. लेन्स ६०० मिलिमीटरपर्यंतची. शटर १/२५००, पंख मारत जाणाऱ्या कापशीला त्याहून कमी चालत नाही. एक्स्पोजर मात्र हातानं ठरवून तिथंच ठेवतो. पक्ष्यावरचं ऊन तेच असतं, मागचं दृश्य तेवढं बदलतं. भोवत्या हाताच्या उंचीवरून काळ्या रानावर उडत असेल तर कॅमेरा त्या काळ्याला भुलून सगळा फोटो उजळवतो, आणि राखाडी नर भोवत्या धुतलेल्या धोतरासारखा पांढराफटक होऊन येतो.

बसलेल्या पक्ष्यावर रोखून बसलं तर दहाव्या मिनिटाला हात भरतो, आणि नेमका तेव्हाच तो उडतो. त्यावर एक खूण आहे, सभ्य नाही पण खात्रीची. उडायच्या आधी तो बहुधा शेपूट उचलून शिटतो. ते दिसलं की बोट शटरवर. मग तो पुढं झुकतो, आणि पुढच्या सेकंदात जे होतं ते होतं.

सापमाराचं वेळापत्रक आमच्या सोयीचं नाही. एकदा अहमदपूरच्या अलीकडं सहालाच जाऊन बसलो होतो. थर्मासमधला चहा संपला. बांधावरून एक मामा आले.

"काय बघायलाव सर?"

"गरुड, मामा."

"सापमार व्हय? त्यो एवढ्या सकाळी कशाला यील? सापच बिळात हाय अजून."

शास्त्र इतकंच. साप आणि सरडे ऊन खायला बाहेर पडल्याशिवाय गरुडाला काम नाही. म्हणजे तो येणार नऊच्या सुमाराला. आणि साडेदहाच्या पुढं जमीन तापून झळा सुरू होतात. लांबचा पक्षी पाण्याखाली दिसावा तसा दिसतो, कितीही महागाची लेन्स असो. थोड्या वेळानं तो गरम हवेवर घिरट्या घेत ठिपका होतो. मधला दीड तास आपला. त्या वेळी ऊन चांगलं वर आलेलं असतं, म्हणून तर जमिनीकडून येणाऱ्या उजेडाची गरज.

त्या दिवशी नऊ वाजून गेल्यावर तो आला आणि माळावर पन्नासेक फुटांवर थांबला. थांबला म्हणजे हवेत. पावणेदोन मीटरचा पंखविस्तार, पंख आणि शेपूट सारखी हलताहेत, पाय खाली सोडलेले, आणि डोकं मात्र दोरीनं आभाळाला टांगल्यासारखं जागच्या जागी. फोकस डोळ्यावर ठेवायचा, तो हलत नाही. घुबडासारखं गोल डोकं, मोठा पिवळा डोळा. अशा वेळी शटर १/१२५० वर आणलं तरी चालतं. पंखांची टोकं किंचित पुसट येतात, तेच मला आवडतं. काटेकोर गोठवलेला गरुड पेंढा भरलेला वाटतो.

मग त्यानं पंख मिटले, थोडा खाली आला, पुन्हा थांबला, आणि पडला. गवतातून उठला तेव्हा चोचीतून सापाची शेपूट लोंबत होती. साप तो डोक्याकडून गिळतो, त्यामुळं बाहेर दिसते ती शेपूट. मी एकोणचाळीस फोटो घेतले, तीन ठेवले.

आता इथं सांगायची गोष्ट. पोट भरायचं असेल तर तो साप पूर्ण गिळून तिथंच कुठं बसतो. शेपूट लोंबत ठेवून सरळ रेषेत, घिरट्या न घेता निघाला, तर तो बहुधा घरट्याकडं निघालाय. तिथं मादी किंवा पिल्लू ती शेपूट धरून साप ओढून काढतं. त्या दिवशी तो तसाच निघाला. किल्ली माझ्या हातात होती, रस्ता त्याच दिशेला जात होता, आणि घरट्यावर साप उतरवतानाचा फोटो कुठल्याही स्पर्धेत चालला असता. हा पक्षी एका विणीत एकच अंडं घालतो, तेही बाभळीसारख्या झाडाच्या उघड्या शेंड्यावर. दीड महिना उबवणं, पुढं दोनेक महिने पिल्लू घरट्यात, सगळं आपल्या उन्हाळ्यात. गाडीला बुजून मादी अर्धा तास उठून बसली तर त्या उन्हात अंड्याचं काय होईल, हे लातूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मामांना मोबाइलवर फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, सापाचं तोंड कुठाय?

तुम्ही त्या रस्त्यानं जाल तेव्हा जरूर थांबा, पूर्वेला पाठ करा, फिकट जमीन शोधा. शेपूट लोंबवत सरळ निघालेल्या सापमाराच्या मागं मात्र गाडी घालू नका.