तीन बटणं एकदम दाबली तर?

शिंदखेड्यात ज्याला कॉम्प्युटरवर गेम खेळण्यासाठी कीबोर्ड घ्यायचा आहे, त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. एक तर धुळ्याला जाऊन आग्रा रोडवरची दुकानं पालथी घालायची, नाहीतर मोबाईलवरून मागवायचा. दोन्हीकडे आधी नजरेत भरतात ते दिवे. बटणांखालून झरणारा लाल-निळा-हिरवा उजेड, खोक्यावर ठळक अक्षरांत ‘गेमिंग’ आणि खाली बारीक टाइपात मिलिसेकंदांचे आकडे. या तिन्हींमधून कीबोर्ड खेळाला कितपत उपयोगी आहे, याचा जवळजवळ काहीच पत्ता लागत नाही. ‘गेमिंग’ हा शब्द छापायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि दिवे तर पाच-सहाशे रुपयांच्या कीबोर्डातही बसवता येतात. खेळाडूचा घात होतो तो कीबोर्ड जरा हळू असल्यामुळे नव्हे. बोटाने दाबलेलं बटण कॉम्प्युटरपर्यंत पोहोचतच नाही, तेव्हा घात होतो. म्हणून पैसे वेगाच्या आकड्यावर नव्हे, नोंदीच्या खात्रीवर घालावेत.

हे समजून घ्यायला कीबोर्डाच्या पोटात डोकवावं लागतं. पूर्ण आकाराच्या कीबोर्डावर शंभराहून जास्त बटणं असतात, पण आतल्या चिपकडे तेवढ्या स्वतंत्र तारा जात नाहीत. आडव्या-उभ्या मिळून साधारण पंचवीसेक तारांचं जाळं असतं आणि जिथे आडवी तार उभीला छेदते, तिथे एक बटण. चिप दर क्षणी एकेक ओळ तपासते आणि कुठे जोड झाली आहे ते टिपते. एक किंवा दोन बटणं दाबली तर सगळं सुरळीत. पण जाळ्यातल्या एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली, की वीज आडवाटेने फिरते आणि न दाबलेलं चौथं बटणही दाबल्यासारखं दिसू लागतं; यालाच ‘घोस्टिंग’ म्हणतात. स्वस्त कीबोर्डाची चिप यावर सोपा उपाय करते: शंका आली की तिसरं बटण मोजतच नाही. खरा इलाज म्हणजे प्रत्येक बटणामागे एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग. शंभर डायोड आले की खर्च वाढला. पत्र टाइप करणाऱ्याला तीन अक्षरं एकदम कधीच लागत नाहीत, त्यामुळे साध्या कीबोर्डात हा खर्च वाचवणं कंपनीच्या दृष्टीने शहाणपणाचंच आहे.

खेळात मात्र उलटं असतं. डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांवर ठेवायचा आणि उजव्या हातात माउस, ही रीत आज इतकी रुळली आहे की ती कुणी मुद्दाम रूढ केली असेल असं वाटत नाही. तिचा बोलबाला झाला तो ‘थ्रेश’ या नावाने खेळणाऱ्या डेनिस फाँगमुळे. १९९७ साली ‘क्वेक’ या खेळाची स्पर्धा जिंकून त्याने त्या खेळाचा कर्ता जॉन कारमॅक याची फेरारी गाडी बक्षीस म्हणून मिळवली, आणि जगभरच्या पोरांनी त्याची बोटं उचलली. या रीतीत तिरकं पळायला दोन बटणं, वेग घ्यायला शिफ्ट, त्यातच उडी मारायला स्पेस आणि बंदुकीत गोळ्या भरायला आर. अशी चार-पाच बटणं एका श्वासात दाबलेली असतात. उडी गेली नाही की खेळणारा स्वतःलाच बोल लावतो. खरं तर बोट बरोबर पडलेलं असतं, चिपने ते नाकारलेलं असतं.

याची परीक्षा कुठल्याही दुकानात दोन मिनिटांत, नोटपॅड उघडून करता येते. डावी शिफ्ट, डब्ल्यू आणि ए दाबून धरा आणि मोकळ्या बोटाने आर, ई, क्यू, स्पेस एकेक करून दाबा. प्रत्येक वेळी ते अक्षर पडद्यावर उमटलं पाहिजे. मग डब्ल्यू आणि डी धरून तेच करा. आणखी एक जुनी चाचणी आहे: दोन्ही बाजूंच्या शिफ्ट एकदम दाबून धरायच्या आणि इंग्रजी मुळाक्षरं टाइप करायची. अनेक साध्या कीबोर्डांवर त्यातली काही अक्षरं सरळ गळतात. (शिफ्ट पाचदा दाबली की विंडोज ‘स्टिकी कीज’ची चौकट पुढे आणतं आणि ऐन लढाईत खेळ बाजूला सरतो. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन आधीच बंद करावी, त्यासाठी नवा कीबोर्ड लागत नाही.) खोक्यावर ‘एन-की रोलओव्हर’ लिहिलं असेल तर कितीही बटणं एकदम नोंदली जातील असा त्याचा अर्थ. सहा बटणांची हमी असली तरी पुष्कळ झालं, कारण शिफ्ट-कंट्रोल सोडून एका वेळी सहा अक्षरं दाबायला डाव्या हाताला तेवढी बोटं नाहीत. ‘अँटी-घोस्टिंग’ एवढंच लिहिलं असेल तर मात्र ते किती आणि कोणत्या बटणांसाठी, हे विचारून घ्यावं.

आता मिलिसेकंदांचा हिशेब. साधा यूएसबी कीबोर्ड सेकंदाला १२५ वेळा कॉम्प्युटरला खबर देतो, म्हणजे फार तर ८ मिलिसेकंदांचा उशीर. गेमिंग कीबोर्ड १००० वेळा देतो, उशीर १ मिलिसेकंद. हल्ली ८००० वेळांचीही जाहिरात होते. फरक खरा आहे, पण तो कशाच्या शेजारी ठेवून पाहायचा? ६० हर्ट्झचा नेहमीचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो. डोळ्याने पाहून बोट हलायला माणसाला दोनशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात. आणि ‘व्हॅलोरंट’सारख्या खेळाचा सर्व्हर मुंबईला. शिंदखेड्यातून तिथवर जाऊन परत येणारा निरोप संध्याकाळी नेट भरलेलं असताना तीसवरून शंभर मिलिसेकंदांवर गेला, तर कीबोर्डाने वाचवलेले सात कुठल्या कुठे वाहून जातात. १००० चा कीबोर्ड त्याच किमतीत मिळत असेल तर जरूर घ्यावा. पण जुना पडदा आणि डळमळीत नेट तसंच ठेवून ८००० साठी जास्तीचे पैसे मोजणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

नोंदीच्या खात्रीची दुसरी बाजू म्हणजे बटणाचा स्पर्श. साध्या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली रबराची टोपी असते. ती तळाला पूर्ण चेपली तरच नोंद होते आणि वर्षा-दोन वर्षांत सर्वाधिक वापराच्या टोप्या ढिल्या पडतात. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतःची स्प्रिंग आणि स्वतःचा स्विच असतो. जर्मनीच्या चेरी कंपनीचे एमएक्स स्विच या बाबतीत मापदंड मानले जातात. त्यांच्या लाल स्विचला ४५ ग्रॅमच्या आसपास दाब लागतो, एकूण ४ मिलिमीटरच्या प्रवासात २ मिलिमीटरवर नोंद होते आणि मध्ये कुठे अडखळ नसते. निळ्यात नोंदीच्या जागी खटका बसतो आणि टक्क आवाज येतो. हा निळा स्विच आपल्याकडे गेमिंगच्या लाटेबरोबर आला, असं पुष्कळांना वाटतं. तो त्याच्या कितीतरी आधीपासून इथे आहे. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा ‘गोल्ड’ कीबोर्ड बँका, कचेऱ्या आणि डीटीपीच्या दुकानांतून वर्षानुवर्षं खडखडतो आहे. २०१० साली रुपयाचं चिन्ह आलं, त्यानंतर तेच चिन्ह छापलेला ‘गोल्ड भारत’ आला. त्यात याच जातीचे स्विच असतात. म्हणजे मेकॅनिकल कीबोर्ड कसा लागतो हे अनुभवायला तालुक्याबाहेर जायची गरजच नाही. ओळखीच्या टंकलेखन केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात असा एखादा सापडला, तर पाच मिनिटं बोटं फिरवून बघावीत.

मग खेळासाठी तोच का घेऊ नये? कारण निळ्या स्विचमध्ये बटण पुन्हा दाबण्याजोगं व्हायला नोंदीच्या जागेपेक्षा बरंच वर यावं लागतं. पत्र टाइप करताना हे कळतही नाही. पण ए आणि डी झपाझप आलटून-पालटून मारायचे असतील, तर अधूनमधून एखादी थाप वाया जाते. शिवाय तो आवाज. दोन खोल्यांच्या घरात रात्री अकरा वाजता तो टकटकाट शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सोसायचा असतो आणि माइक चालू असेल तर अख्ख्या टीमला. खेळ हा मुख्य हेतू असेल तर लाल, टायपिंग जास्त असेल तर निळा आणि दोन्ही निम्मं-निम्मं असेल तर तपकिरी, ज्यात खटका असतो पण टक्क आवाज नसतो. ‘मेकॅनिकल फील’ असं लिहिलेला कीबोर्ड मेकॅनिकल नसतो, आत रबरच असतं, एवढं मात्र ध्यानात ठेवावं.

जाणकार खेळाडू इथे हरकत घेतील की, आता मेकॅनिकलचाही जमाना गेला, चुंबकाचा आला. त्यात तथ्य आहे. चुंबक जवळ आला की विद्युतदाब बदलतो, हा एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेला परिणाम वापरून बटण किती खोल गेलं हे सतत मोजता येतं. नेदरलँड्सच्या वूटिंग कंपनीने यावर ‘रॅपिड ट्रिगर’ लोकप्रिय केलं. बोट किंचित वर आलं की बटण सुटलं, किंचित खाली गेलं की पुन्हा लागलं. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये पळता पळता नेम लागत नाही, उलट दिशेचं बटण मारून थबकावं लागतं. तिथे याचा फायदा निर्विवाद आहे. पण तो त्या एका जातीच्या खेळांपुरता आणि ज्यांचा बाकी हात आधीच घोटीव आहे त्यांच्यापुरता. क्रिकेट, फुटबॉल किंवा राज्य उभारण्याचे खेळ खेळणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. शिवाय नियमही बदलतात. दोन उलट बटणांतलं शेवटचं आपोआप निवडणारी युक्ती २०२४ मध्ये कीबोर्डांत आली आणि त्याच ऑगस्टमध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या कर्त्या व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या सर्व्हरवर तिला बंदी घातली.

दुसरी हरकत घरातून येते: पोरं मोबाईलवर खेळतातच की, मग हा खर्च कशाला? खेळ फक्त मोबाईलवरचा असेल तर खरोखरच नको. पण शिंदखेड्यासारख्या गावात घरातला कॉम्प्युटर सहसा एकट्या खेळाडूचा नसतो. तोच परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेच्या सरावाला लागतो, त्यावरच घरातलं कुणी लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द गाठायला बसतं, त्यावरच दुकानाचा हिशेब होतो. म्हणून इथल्या खरेदीत एक गोष्ट मोठ्या शहरापेक्षा वेगळी ठरावी. इंटरनेटवरच्या तरुण खेळाडूंचं पाहून आखूड, उजवीकडचे आकडे छाटलेला कीबोर्ड घेऊ नये. माउसला जागा मोकळी होते हे खरं, पण कृतिदेवसारख्या जुन्या फाँटवर काही अक्षरं ऑल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांनीच उमटतात आणि हिशेबाला तर ते आकडे लागतातच. टेबल अरुंद असेल तर खेळताना कीबोर्ड थोडा तिरका ठेवला तरी काम भागतं.

राहिली धूळ. चैत्र-वैशाखातलं खान्देशातलं वारं खिडक्या लावूनही घरात माती आणतं, दोंडाईच्यासारख्या मिरचीच्या पेठेत तर तिखटही. रबरी कीबोर्डात पाणी सांडलं तरी तो बऱ्याचदा तगतो, मेकॅनिकलचा भरवसा कमी. पण मेकॅनिकलची टोपणं चिमट्याने उपटून ब्रशने साफ करता येतात आणि स्विच बदलता येण्याजोगा कीबोर्ड असेल तर बिघडलेला एकच स्विच उपसून दुसरा बसवता येतो, डाग देण्याची गरज नाही. टोपणं पीबीटी प्लास्टिकची असली तर घामाने लवकर गुळगुळीत होत नाहीत. दुरुस्तीचं केंद्र जवळ नसलेल्या गावात हे गुण दिव्यांपेक्षा मोलाचे आहेत.

तेव्हा दीड-अडीच हजारांचं बजेट असेल, तर वायरचा, पूर्ण आकाराचा, लाल किंवा तपकिरी स्विचचा, स्विच बदलता येणारा कीबोर्ड घ्यावा. दिवे असले तर असोत, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नयेत. बजेट पाच-सहाशेच असेल तर साधा रबरीच घ्यावा, पण वरची चाचणी करून. ऑनलाइन मागवणार असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचून ठेवा, आणि खोकं उघडल्यावर पहिल्याच दिवशी, दिव्यांचे रंग बदलत बसण्याआधी, नोटपॅड उघडा.