सरकवलेला जबडा जागेवर राहतो का?

खालचा जबडा फार पुढे आलेला किंवा मागे दबलेला एखादा मुलगा शिक्षकांच्या पाहण्यात असतोच. पोरे त्याला नावे ठेवतात. पण त्याला पुढच्या दातांनी भाकरीचा तुकडा तोडता येत नाही, हे फारसे कुणी पाहात नाही. शस्त्रक्रिया करून जबडा सरकवता येतो म्हटले की आईबाप विचारतात, “पण तो पुन्हा पहिल्यासारखा तर होणार नाही ना?”

प्रश्न रास्त आहे. हाड कापून सरकवण्याची विद्या जुनी. अमेरिकेत हलिहेन यांनी १८४९ साली खालच्या जबड्यावर असे काम केले. पुढे १९५७ साली ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी खालचा जबडा मागच्या बाजूला उभा चिरण्याची रीत प्रसिद्ध केली. सुतार फळीवर फळी सरकवून रुंद सांधा करतो ना, तसेच ते. रुंद सांधा लवकर जुळतो.

हाड जुळते हो, पण स्नायूंचे काय? त्यांची लांबी जुनीच, ते ओढ घेतात. पूर्वी वरचे-खालचे दात तारेने सहा-सहा आठवडे बांधून ठेवीत. रोग्याने पेजेवर राहायचे. टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रू आल्यावर ही ओढ बरीच आवरता आली.

तरी दिशेचा फरक उरतोच. नॉर्थ कॅरोलिनातील प्रॉफिट, टर्वी आणि फिलिप्स यांनी १९९६ साली याची क्रमवारी मांडली. वरचा जबडा वर उचलला तर तो फार स्थिर. खालचा पुढे आणला तोही चांगला टिकतो. पण वरचा खाली उतरवला, तर प्रत्येक घास त्याला वर रेटतो. खालचा मागे नेणेही तितके भरवशाचे नाही. म्हणून खालचा मोठा असला तरी शस्त्रवैद्य पुष्कळदा वरचा पुढे घेतात, किंवा दोन्ही थोडे थोडे हलवतात. रुग्णाला हे चमत्कारिक वाटते, पण त्यात शहाणपण आहे.

आणखी एक. पंधराव्या वर्षी मुलाचा वाढलेला जबडा मागे नेला आणि तो पुन्हा पुढे आला, तर दोष सांध्याचा नसेल. हाड वाढतच होते. मुलांत ही वाढ विशीपर्यंतही चालते. तेव्हा घाई करू नये. शस्त्रक्रियेनंतर मात्र वर्षभर तरी दाखवायला जावे. सरकायचे ते बहुधा याच काळात सरकते, आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेच्या दोन फोटोंत ते मोजता येते.