शटर जड नाही, स्प्रिंग थकली आहे!

राजारामपुरीच्या मेन रोडवर सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास शटर उघडण्याचा खडखडाट सुरू होतो. जनता बझार चौकापासून आतल्या गल्ल्यांपर्यंत तेच! कारण आपल्याकडच्या घरांची रचनाच तशी आहे. वर घर आणि खाली गाळा. त्या गाळ्यात कुणाचं शिवणकाम, कुणाचं ब्यूटी पार्लर, कुणाची पिठाची गिरणी, तर कुणाची नुसती दुचाकी आणि चारचाकी. सिनेमात दिसतो तसा गॅरेजचा दरवाजा आपल्याकडे क्वचितच. आपलं गॅरेज म्हणजे लोखंडी शटरच.

हे शटर दिवसातून दोन-चार वेळा वर-खाली होतं, पण त्याच्याकडे आपण कधी बघत नाही. गॅसची नळी बदलतो, मिक्सरची भांडी धारेला देतो, पंखेसुद्धा पुसतो. शटरचा नंबर मात्र ते अडकल्यावरच लागतो. आणि अडकलं की घरातला कुणीतरी उत्साही माणूस पाना-पक्कड घेऊन स्टुलावर चढतो. मैत्रिणींनो, खरा धोका तिथंच आहे.

वजन कोण उचलतं?

आधी एक साधा हिशेब करू. शटरच्या पट्ट्यांचा पत्रा साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा असतो. एवढ्या जाडीच्या लोखंडी पत्र्याचं वजन एका चौरस मीटरला दहा किलोच्या आसपास भरतं. आठ फूट बाय आठ फुटांचं शटर म्हणजे जवळजवळ सहा चौरस मीटर. म्हणजे नुसता सपाट पत्रा धरला तरी साठ किलो! त्यात पट्ट्यांचा बाक, खालची जाड पट्टी, कुलपाच्या कड्या धरल्या तर वजन आणखी वाढतं. सिमेंटचं पोतं पन्नास किलोचं असतं. मग त्याहून जड वस्तू आपण एका हाताने डोक्याच्या वर कशी नेतो?

आपण नेत नाही, स्प्रिंग नेते. वरच्या पत्र्याच्या डब्यात एक आडवा लोखंडी पाईप असतो आणि त्यावर दोन किंवा जास्त स्प्रिंगा बसवलेल्या असतात. शटर खाली ओढलं की या स्प्रिंगांना पीळ बसतो, जशी जुन्या घड्याळाला चावी द्यावी तशी. वर ढकललं की तोच पीळ सुटतो आणि शटर उचलायला मदत करतो. आपला हात फक्त निमित्तमात्र!

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, शटर पूर्ण खाली असतं तेव्हा स्प्रिंगमध्ये सगळ्यात जास्त जोर कोंडलेला असतो. दोन, शटर पूर्ण वर असतानाही तो जोर संपत नाही, थोडा शिल्लक असतोच. म्हणून ‘शटर वर आहे, आता काय होतंय’ असं म्हणून वरचे बोल्ट सोडणं म्हणजे हात मोडून घेणं.

‘वय झालं’ म्हणण्याआधी

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचं घराखालच्या गाळ्यात शिवणकाम चालतं. गेल्या वर्षी त्यांचं दुकान रोज अकरानंतर उघडायला लागलं. विचारलं तर म्हणाल्या, “शटर उचलत नाही हो आता. मुलगा उठेपर्यंत थांबते. वय झालं.” पन्नाशीही गाठलेली नाही आणि वय झालं! घरातले म्हणायचे, उद्योग बंद कर. लग्नसराईत ब्लाऊजची गिऱ्हाईकं सकाळी कामावर जाताना येतात, ती बंद शटर बघून पुढच्या दुकानात जायला लागली होती.

शेवटी मिस्त्री बोलावला. त्यानं डबा उघडून बघितलं आणि म्हणाला, “वैनी, तुमच्यात ताकद हाय, स्प्रिंगमधलीच गेलीया.” दोनपैकी एक स्प्रिंग तुटून पडली होती. निम्मा भार त्या बाई महिनोन् महिने स्वतःच्या कमरेवर उचलत होत्या! दोन्ही स्प्रिंगा बदलल्या आणि दुसऱ्या दिवशी दुकान नऊला उघडलं.

किती घरांत असं होत असेल? पाठ दुखते म्हणून बाई डॉक्टरकडे जाते आणि दुखणं असतं शटरच्या डब्यात. शटर रोजच्यापेक्षा जड लागलं, तर स्वतःला दोष देण्याआधी स्प्रिंग तपासून घ्या.

शटर काय सांगतंय ते ऐका

तपासणी घरच्या घरी करता येते. बाजूला उभं राहून, दोन्ही हात शटरवर ठेवून ते हळूहळू कमरेपर्यंत उचला. पाय शटरच्या रेषेच्या बाहेर हवेत. मग हाताचा जोर थोडा थोडा कमी करा, हात मात्र काढू नका. शटर जागेवर थांबलं किंवा सावकाश सरकलं तर स्प्रिंग ठीक आहे. धाडकन खाली यायला लागलं तर स्प्रिंग सैल किंवा तुटलेली. हातातून निसटून वर झेपावलं तर पीळ जास्त झालाय. दोन्ही वेळा काम मिस्त्रीचं.

आणखी काही खुणा आहेत. एक बाजू पुढे आणि एक मागे, असं शटर तिरकं जातं. एखादी पट्टी शेजारच्या पट्टीतून बाजूला सरकून चॅनेलला घासते. डब्यातून ‘टण्’ असा मोठा आवाज येतो आणि त्यानंतर शटर जड होतं. स्प्रिंग तुटते तेव्हा बऱ्याचदा असाच आवाज येतो. भिंतीत पाईप धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटभोवती गिलाव्याला चिरा दिसतात. ही शेवटची खूण तर अजिबात अंगावर काढू नका, कारण सगळा भार त्या ब्रॅकेटवरच असतो.

आपण काय करायचं?

आपल्या हातातलं काम कमी नाही. दोन्ही बाजूंच्या चॅनेलमध्ये माती, चिंध्या, कोळ्याची जाळी साठते. जुन्या ब्रशने आणि कोरड्या फडक्याने ती महिन्यातून एकदा साफ करा. मग पातळ मशीन ऑइल किंवा सिलिकॉनचा स्प्रे थोडासा मारा. चॅनेलमध्ये ग्रीस थापू नका. त्यावर धूळ बसून पिठल्यासारखा लगदा होतो आणि शटर आणखी घासतं. स्वयंपाकाचं गोडं तेल तर नकोच, ते काही दिवसांत चिकट होतं.

हॅण्डलचे, कुलपाच्या कडीचे स्क्रू सैल असतील तर आवळा. खालच्या पट्टीला गंज दिसला तर घासून रंग द्या. रंग देताना मात्र पट्ट्यांच्या सांध्यात तो साचू देऊ नका, नाहीतर पट्ट्या एकमेकींना धरून बसतात.

कोल्हापूरकरांना गंजाचं वेगळं सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१च्या महापुरांत पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागातल्या कितीतरी गाळ्यांत ते दिवसेंदिवस थांबलं. पुरानंतर दुकानातला माल, फर्निचर सगळं धुतलं जातं, पण चॅनेलच्या तळाशी बसलेला गाळ तसाच राहतो आणि लोखंड आतून खातो. पाणी ओसरल्यावर शटरला हात लावण्याआधी तो गाळ खरवडून काढायचा, चॅनेल गोड्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं, मग तेल. मोटर असेल तर इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

इथं हात लावायचा नाही

वरचा डबा, पाईप, स्प्रिंग आणि ब्रॅकेटचे बोल्ट, ही आपली हद्द नव्हे. एका परिचितांच्या घरी भाच्याने ‘नुसतं ग्रीस लावतो’ म्हणून पाईपच्या टोकाचा बोल्ट सोडला. पीळ एकदम सुटला, पाईप फिरला आणि पान्यासकट हात आपटला. मनगटाला प्लास्टर! डोळा वाचला हेच नशीब.

मिस्त्रीने काम कसं करावं हे आपल्याला माहीत असलं, की तो घाई करतोय का ते कळतं. आधी शटर पूर्ण वर घेऊन गुंडाळी दोराने किंवा साखळीने पक्की बांधायची, म्हणजे ती सुटून खाली येणार नाही. मग पाईपला पाना अडकवून, एका माणसाने धरून, पीळ एकेक आढा मोजत सोडायचा. पीळ पूर्ण उतरल्यावरच बोल्ट. यासाठी दोन माणसं लागतात, एकट्याचं हे काम नव्हे. घोडा किंवा शिडी पक्की हवी, हातात मोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा. नवा पीळ देतानाही तसाच मोजून द्यायचा आणि शेवटी आपल्यासमोर शटर पाच-सहा वेळा वर-खाली करून दाखवायचं.

मिस्त्रीला हे प्रश्न जरूर विचारा. दोन्ही स्प्रिंगा बदलताय ना? एक नवी आणि एक जुनी ठेवली तर ओढ कमी-जास्त होऊन शटर तिरकं जातं. स्प्रिंग आमच्या शटरच्या वजनाची आहे का? मध्यंतरी खाली पत्रा किंवा जादा पट्टी जोडली असेल तर तेही सांगा, कारण वजन वाढलेलं असतं. ब्रॅकेटचं वेल्डिंग बघितलं का? आपलं शिवाजी उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे. तेल इंजिनं घडवणाऱ्या या गावात लोखंडाचं काम जाणणाऱ्या माणसांची वानवा नाही. स्वस्तातला नवशिका शोधण्यापेक्षा अनुभवी माणसाला दोन पैसे जास्त द्यावेत.

मोठं शटर आणि मोटर

हाताने ढकलायचं शटर साधारण दहा चौरस मीटरपर्यंत, म्हणजे शंभरेक चौरस फुटांपर्यंतच ठीक. त्याहून मोठ्याला गियर आणि साखळी किंवा मोटर हवी. मोटर असली की काम बटणावर आलं, पण काळजी वाढली. साफसफाईआधी मेन स्विच बंद करायचा. वीज गेल्यावर हाताने फिरवायची सोय असते. ती वापरतानाही स्विच बंदच ठेवायचा, नाहीतर मध्येच वीज आली तर साखळी हातातून हिसकली जाते. शटर खाली येताना शेवटपर्यंत नजर तिथंच हवी. रिमोट मुलांच्या हाती देऊ नका.

परदेशात राहणाऱ्या लेकी-सुनांच्या घरीही हाच प्रश्न वेगळ्या रूपात आहे. अमेरिकेतला गॅरेजचा दरवाजाही स्प्रिंगवरच उचलला जातो. तिथं आपोआप बंद होणाऱ्या दरवाजाखाली मुलं सापडल्याच्या घटना घडल्या. त्यानंतर १ जानेवारी १९९३पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना, वाटेत कुणी आलं तर दरवाजा परत वर जाईल अशी सोय सक्तीची झाली. तिथल्या साध्या स्प्रिंगचं आयुष्य दहा हजार वेळा उघड-बंद होण्याइतकं धरतात. दिवसातून चार वेळा धरलं तर जेमतेम सात वर्षं. आपल्या शटरची स्प्रिंग किती वर्षांची आहे, हे आपल्यापैकी कितीजणी सांगू शकतील? नवीन मोटर घेताना वाटेतला अडथळा ओळखणारा सेन्सर मागून घ्या. खर्च थोडा वाढतो, पण नातवंडं अंगणात खेळत असतात!

घरातल्या सगळ्यांसाठी

काही नियम भिंतीवर लिहून ठेवावेत असे आहेत. अर्धवट उघड्या शटरखालून वाकून जायचं नाही. मुलांनी शटरला लोंबकळायचं नाही. बोटं पट्ट्यांच्या सांध्यात घालायची नाहीत. धरायचं ते हॅण्डललाच. उंच शटर ओढायला हूक असलेली काठी ठेवा, उड्या मारू नका. साडीचा पदर, ओढणी खोचून घ्या. शटर मध्येच अडकलं तर हिसके देऊ नका. खाली दोन्ही बाजूंना लाकडी बल्ल्यांचा टेकू द्या, माणसं लांब करा आणि मिस्त्रीला बोलवा. आणि शटर बंद करून आत गाडी किंवा जनरेटर कधीही चालू ठेवू नका. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, वासानेही कळत नाही.

खंडेनवमीला आपण घरातली हत्यारं, शिलाई मशीन, गाड्या पुजतो. शटरलाही झेंडूचं तोरण लागतं. यंदा तोरण बांधण्याआधी चॅनेल पुसा, तेल घाला, कमरेपर्यंत उचलून तपासणी करा आणि स्प्रिंग कधी बदलली ती तारीख डब्याच्या आतल्या बाजूला मिस्त्रीकडून रंगाने लिहून घ्या. जिचं दुकान, तिला ते कुणाची वाट न बघता उघडता आलं पाहिजे.