बाळंतपणाच्या कळांसाठी टेन्स मशीन: घेण्यापूर्वी काय पाहाल?

टेन्स म्हणजे हातात मावेल एवढे, बॅटरीवर चालणारे यंत्र. वायरींना जोडलेले चिकट पॅड पाठीवर लावले, की त्यातून सौम्य विद्युत स्पंदने त्वचेखालील नसांपर्यंत पोहोचतात आणि मुंग्या आल्यासारखे वाटते. या संवेदनेमुळे वेदनेचे संदेश मेंदूपर्यंत कमी पोहोचतात, असे मानले जाते. मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धांतावर हे आधारलेले आहे.

कितपत उपयोग होतो?

टेन्समुळे कळा थांबत नाहीत. आजवरच्या अभ्यासांत वेदना ठळकपणे कमी झाल्याचे दिसलेले नाही. तरीही, पुढच्या वेळी पुन्हा वापरू असे अनेक स्त्रिया सांगतात. हालचाल करता येते आणि नियंत्रण स्वतःच्या हातात राहते. सुरुवातीच्या कळांमध्ये, घरी असताना, ते वापरून पाहता येते. कळा जोरात सुरू झाल्यावर मात्र त्यावर विसंबू नका.

मशीन निवडताना

- बूस्ट बटण: कळ आली की दाबून स्पंदनांचा जोर वाढवायचा आणि ओसरली की बूस्ट बंद करायचे. कंबरदुखीसाठी मिळणाऱ्या साध्या मशीनमध्ये ते बहुधा नसते.
- दोन चॅनेल, चार पॅड: दोन पॅड मणक्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ब्राच्या पट्ट्याच्या पातळीवर आणि दोन खाली, कंबरेच्या खळग्यांजवळ लावतात.
- सोपी बटणे: कळ सुरू असताना स्क्रीन वाचत बसता येत नाही.
- जादा पॅड आणि बॅटरी: बाळंतपण बराच वेळ चालू शकते.
- योग्य प्रकार: स्नायू आकुंचन पावावेत म्हणून विकली जाणारी ‘ईएमएस’ मशीन वेगळी असतात, ती घेऊ नका.

एकदाच वापरायचे असेल, तर मशीन भाड्याने मिळते का ते पाहा. पॅड मात्र नवेच घ्या. त्याआधी रुग्णालयात विचारा: लेबर रूममध्ये हे मशीन चालेल का?

कोणी वापरू नये?

- पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसवलेले असल्यास
- 37 आठवडे पूर्ण झालेले नसल्यास
- फिट्स येत असल्यास किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असल्यास, डॉक्टरांना विचारल्याशिवाय

पॅड पोटावर, मानेवर किंवा जखमेवर लावू नका. अंघोळ करताना मशीन पूर्ण काढून ठेवा. बाळाच्या ठोक्यांच्या मॉनिटरमध्ये अडथळा येत असेल, तर ते बंद करावे लागते. एपिड्युरल देण्यापूर्वीही पाठीवरचे पॅड काढतात.

घरच्यांसाठी

पॅड लावायला दुसऱ्या कोणाची तरी मदत लागते. पती, आई किंवा सासूबाई, जे सोबत असतील त्यांनी ते कसे लावायचे हे आधीच शिकून घ्यावे.

थांबू नका

मशीनने बरे वाटते म्हणून रुग्णालयात जाणे लांबवू नका. पाणी गेले, रक्तस्राव झाला, बाळाची हालचाल कमी वाटली, डोके खूप दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळा सौम्य असल्या तरी लगेच निघा.

आणि वेदना सहन होत नसतील, तर एपिड्युरल किंवा इतर उपायांबद्दल मोकळेपणाने विचारा. ते मागणे म्हणजे हार मानणे नव्हे.