दादरच्या गाडीवरचं केळं आणि मातीतला 'टीआर-४'

दादर स्टेशनबाहेर डझनाने मिळणारी मोठी केळी बहुतेक 'ग्रँड नैन' जातीची, म्हणजे कॅव्हेंडिश गटातली असतात. जळगावच्या रावेर, यावल पट्ट्यातही हीच जात. तिच्यापुढे आता मातीतल्या बुरशीचं संकट आहे. समजून घेऊया.

रोग कोणता?
पनामा मर. फ्युजेरियम बुरशी मुळांतून शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. पानं पिवळी पडतात, झाड वाळतं. खात्रीचं औषध नाही. बुरशी मातीत अनेक दशकं टिकते.

असं आधी घडलंय?
हो. १९५०च्या दशकात 'ग्रो मिशेल' या निर्यातीच्या जातीच्या बागा याच रोगाने उद्ध्वस्त झाल्या. कॅव्हेंडिश त्यात तगली, म्हणून जगभर पसरली. 'टीआर-४' हा नवा प्रकार मात्र तिलाच मारतो. बिहार आणि उत्तर प्रदेशात तो सापडला आहे.

इतका धोका का?
या केळ्यात बी नसतं. रोपं कंदापासून किंवा टिश्यू कल्चरने येतात, जणू एकाच झाडाची झेरॉक्स. एक बळी पडलं, की सगळ्यांनाच धोका.

उपाय?
एका रानकेळीत 'आरजीए-२' हे प्रतिकारक जनुक आहे. क्वीन्सलंड तंत्रज्ञान विद्यापीठाने ते कॅव्हेंडिशमध्ये घातलं. या 'क्यूकॅव्ह-४' जातीला ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. भारतातल्या शेतकऱ्यासाठी आजचा बचाव साधाच: खात्रीची रोपं घ्या, बाधित भागातून कंद आणू नका, अवजारं आणि बुटांची माती धुवा.

केळी खावीत का?
बिनधास्त. हा रोग माणसाला होत नाही.