टेबल किन्हवलीत, संगणक नवी मुंबईत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. ज्यांच्या हाती पैसा होता त्यांनी यंत्रे बदलली. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाडसारख्या तालुक्यांतल्या शाळा, पतपेढ्या आणि सामाजिक संस्थांपुढे मात्र हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. आठ-दहा वर्षांपूर्वीचे संगणक अजून चालतात, पण विंडोज ११ साठी लागणारा प्रोसेसर किंवा टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्यांतल्या अनेकांत नसते. एकदम पंधरा-वीस नवे संगणक घ्यायचे, तर वर्षभराच्या खर्चाचे गणित कोलमडते.

अशा वेळी एक पर्याय नीट समजून घेण्यासारखा आहे. संगणक स्वतःकडे ठेवायचाच नाही, तो डेटा सेंटरमध्ये चालवायचा आणि गावात फक्त त्याची स्क्रीन पाहायची. यालाच क्लाउड डेस्कटॉप म्हणतात.

कल्पना जुनीच आहे. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर ती १९८०च्या दशकापासून रोज दिसते. कल्याणच्या खिडकीमागे बसलेल्या कर्मचाऱ्यासमोर की-बोर्ड आणि स्क्रीन असते, पण जागांचा हिशेब दूरच्या मध्यवर्ती संगणकावर होतो. क्लाउड डेस्कटॉप यापुढे एक पाऊल टाकतो. एखाद्या कामापुरता नव्हे, तर विंडोज, एक्सेल, टॅली, फाइल्स असा सगळा संगणकच दूर असतो. गावातल्या टेबलावरून दाबलेली कळ आणि माउसची हालचाल तिकडे जाते, तिकडून स्क्रीनचे चित्र परत येते. टेबलावरचे यंत्र जुने असले तरी चालते. जुन्याच संगणकावर लिनक्स टाकून त्याचा केवळ खिडकीसारखा वापर करता येतो, किंवा थिन क्लायंट नावाची छोटी पेटी घेता येते.

हे ‘दूर’ म्हणजे फार दूर नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे आपली डेटा सेंटर सुरू केली. ॲमेझॉनची मुंबईतली सेवा २०१६ मध्ये आली, गुगलची २०१७ मध्ये. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात अनेक कंपन्यांची डेटा सेंटर उभी आहेत आणि हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातलाच. फायबरमधून संदेश एका मिलिसेकंदात सुमारे दोनशे किलोमीटर जातो, त्यामुळे शहापूर ते नवी मुंबई हे अंतर त्याच्या लेखी जवळपास शून्य आहे.

मग अडते कुठे? शेवटच्या काही किलोमीटरवर.

मुरबाड तालुक्यातल्या धसईचा अनुभव इथे उपयोगी पडतो. १ डिसेंबर २०१६ रोजी, नोटाबंदीनंतरच्या चौथ्या आठवड्यात, धसई हे राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. बँक ऑफ बडोदा आणि स्वातंत्र्यवीर सावरकर प्रतिष्ठान यांच्या पुढाकाराने दुकानदारांकडे कार्ड स्वाइप करण्याची यंत्रे आली. उत्साह खरा होता. पुढे मात्र नेटवर्क आणि विजेच्या अडचणींच्या बातम्या आल्या आणि व्यवहार बराचसा रोखीकडे वळला. कार्डाचा एक व्यवहार काही सेकंदांचा असतो, तरीही तो अडकत होता. क्लाउड डेस्कटॉपला तर कार्यालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत जोडणी लागते. म्हणून शहापूर-मुरबाडमध्ये याची उभारणी इंटरनेटच्या तारेपासून सुरू करावी लागते. सॉफ्टवेअरचा विचार नंतर.

आकडे सोपे आहेत. साध्या कार्यालयीन कामाला माणशी दीड ते तीन एमबीपीएस वेग पुरतो. संदेश जाऊन परत येण्याचा वेळ दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावा, असे मायक्रोसॉफ्टचे मार्गदर्शन सांगते. म्हणजे दहा माणसांना पंधरा ते तीस एमबीपीएस पुरे. भारतनेट योजनेत ग्रामपंचायतीपर्यंत शंभर एमबीपीएसचे उद्दिष्ट आहे, ते या गरजेच्या कितीतरी पुढे आहे. खरा प्रश्न वेगाचा नाही, सातत्याचा आहे. जुलै २०२१च्या पावसात कसाऱ्याजवळच्या उंबरमाळी स्थानकात रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले होते. अशा भागात एकाच तारेवर विसंबणे धोक्याचे. एक फायबर आणि दुसरी वेगळ्या कंपनीची मोबाइल जोडणी, आणि पहिली तुटली की आपोआप दुसरीवर जाणारा राउटर, हा पहिला खर्च समजावा.

दुसरा खर्च विजेचा. इथे मात्र फायदा आहे. थिन क्लायंट साधारण दहा-वीस वॅटवर चालतो, म्हणून त्याच इन्व्हर्टरवर संगणकापेक्षा कितीतरी जास्त वेळ काम सुरू राहते. त्या इन्व्हर्टरला राउटर आणि फायबरची पेटीही जोडलेली हवी. नाहीतर स्क्रीन उजळलेली आणि जोडणी मेलेली, अशी गत होते.

आता प्रत्यक्ष मांडणी. समजा, एका शिक्षणसंस्थेचे कार्यालय शहापुरात आहे, शाळा किन्हवलीत, वसतिगृह डोळखांबला आणि दुसरी शाळा टोकावड्याला. आधी माणसांची आणि कामांची यादी करायची. लेखापालाला रोज तेच टेबल, तीच टॅली हवी, म्हणून त्याला स्वतंत्र डेस्कटॉप द्यावा. शाळेच्या संगणक कक्षात तास बदलला की मुले बदलतात, तिथे सामायिक डेस्कटॉप परवडतो. एका मोठ्या आभासी यंत्रावर एका वेळी अनेक जण काम करतात आणि तास संपला की सगळे मूळपदावर येते.

त्यानंतर तयार करायची ती मूळ प्रत, जिला तंत्रज्ञ गोल्डन इमेज म्हणतात. गणपतीच्या मूर्ती एका साच्यातून निघतात, तसे सगळे डेस्कटॉप या प्रतीतून निघतात. म्हणून ती बनवताना घाई करू नये. साच्यात राहिलेली चूक प्रत्येक टेबलावर उमटते.

मराठी कार्यालयांत खरी कसोटी याच टप्प्यावर लागते. कुणी इनस्क्रिप्टने टाइप करतो, कुणी जुन्या टंकलेखन यंत्राच्या सवयीने, कुणी उच्चारानुसार. हे तिन्ही कळफलक मूळ प्रतीत हवेत. युनिकोडपूर्वीच्या काळातली हजेरी, ठराव, पत्रे जुन्या फाँटमध्ये पडून असतात. ते फाँट घातले नाहीत, तर वीस वर्षांचे दप्तर अगम्य चिन्हांत बदलेल. डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल टेबलावर लागतो आणि सॉफ्टवेअर नवी मुंबईत चालते, त्यामुळे यूएसबीची जोडणी पलीकडे पोहोचते का, हे आधी तपासावे. बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि प्रिंटर यांचेही तेच. दाखल्याची प्रत कार्यालयातल्या प्रिंटरवरच निघाली पाहिजे.

पैसे दोन प्रकारे मोजले जातात. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३६५ सारख्या सेवेत माणशी ठरलेले मासिक शुल्क असते, तर त्याच कंपनीच्या अझूर व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये यंत्र जितके चालेल तितके बिल. दुसऱ्या प्रकारात शाळा सुटल्यावर यंत्रे आपोआप बंद होतील अशी वेळ लावणे अत्यावश्यक आहे, कारण ती मे महिन्याच्या सुट्टीत चालू राहिली तरी बिल येतेच. नोंदणीकृत सेवाभावी आणि शैक्षणिक संस्थांसाठी अनेक कंपन्या सवलत देतात. ती आधी विचारावी. जुलै २०२५ मध्ये जिओने सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीवर चालणारा, लिनक्सवर आधारलेला क्लाउड संगणक बाजारात आणला. एखाद्या घराला तो पुरेल. संस्थेला मात्र कुणाला काय दिसावे, याचे नियंत्रण एका जागी हवे असते.

हे नियंत्रण आता कायद्याच्या दृष्टीनेही गरजेचे होत आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुलांचे आधार क्रमांक, पालकांची बँक खाती, जातीचे दाखले ही माहिती पेन ड्राइव्हवरून फिरणे थांबायला हवे. क्लाउड डेस्कटॉपवर पेन ड्राइव्हची वाट बंद करता येते आणि पासवर्डबरोबर मोबाइलवरचा दुसरा संकेतही मागता येतो. टेबलावरचे यंत्र चोरीला गेले किंवा पाण्यात बुडाले, तरी फाइल्स सुरक्षित राहतात. बॅकअप मात्र वेगळा ठरवावा लागतो, तो आपोआप होतो असे गृहीत धरू नये.

सगळ्यांना हे लागेल असे नाही. दोनच संगणक असलेल्या कार्यालयाने किंवा जिथे एकही भरवशाची जोडणी नाही अशा पाड्यावरच्या केंद्राने जुन्या यंत्रावर लिनक्स टाकलेले बरे. व्हिडिओ संपादनासारख्या कामालाही जवळचे यंत्रच सोयीचे.

ज्यांना जमेल त्यांनी पाच जणांपासून सुरुवात करावी आणि ती जुलैत करावी, पाऊस आणि वीज दोन्ही परीक्षा घेत असताना. महिनाभर रोज वहीत लिहावे: किती वेळा जोडणी गेली, किती वेळाने आली, प्रिंट निघाली का, डोंगल चालला का. त्या वहीवरून पुढच्या पंधरा टेबलांचा निर्णय घ्यावा. करारात एक कलम आग्रहाने घालून घ्यावे. उद्या सेवा बंद करायची ठरली, तर संस्थेचा सगळा डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.